खाण बंद झाल्यानंतरचे पाणी : विदर्भातील कोळसा खाणींचा अनुभव आणि शहापूर-मुरबाडच्या दगडखाणी

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कोळसा सापडत नाही. येथील भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. कोळसा ज्या गोंडवाना खडकांत असतो, ते महाराष्ट्रात नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वर्धा व कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत उघडे पडलेले दिसतात. तरीही प्रस्तुत लेखात या दोन प्रदेशांचा एकत्र विचार केला आहे. खाण चालू असताना तिच्यातील पाण्याचा बंदोबस्त खाणचालक करतो. ती बंद झाल्यावर मात्र तिच्यावर पडणाऱ्या पावसाची, त्या पावसाबरोबर वाहणाऱ्या गाळाची आणि खड्ड्यात साचणाऱ्या तळ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोळशाच्या आणि दगडाच्या खाणीत सारखाच आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव कोळसा खाणींना आहे. शहापूर-मुरबाडच्या दगडखाणी त्यामानाने लहान व विखुरलेल्या असल्या, तरी त्यांना या अनुभवातून घेण्यासारखे बरेच आहे.

या तालुक्यांच्या दृष्टीने प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ मध्ये शहापूर तालुक्यात पूर्ण झाले. पुढे भातसा धरणाचे पाणीही मुंबईकडे गेले. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा प्रदेशात पाणी धरून ठेवणाऱ्या प्रत्येक खड्ड्याकडे लोकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. म्हणून बंद खाणीतील तळे हा विषय येथे कागदोपत्री राहत नाही.

पाणी म्हणजे धोका : १९०१ ते १९७५

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील खाण १८७० च्या दशकात सरकारी खर्चाने सुरू झाली. वर्ध्याहून वरोऱ्याला गेलेला लोहमार्ग मुख्यतः या कोळशासाठीच टाकला गेला. ही खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोपर्यंत खाणीसंबंधी देशव्यापी असा एकच कायदा अस्तित्वात आला होता, तो म्हणजे १९०१ चा भारतीय खाण अधिनियम. त्याचा रोख निरीक्षणावर आणि कामगारांच्या सुरक्षिततेवर होता. बंद झालेल्या खाणीच्या जमिनीचे वा पाण्याचे पुढे काय करावे, हा विषय त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता.

१९२३ आणि १९५२ च्या खाण अधिनियमांतही मूळ दृष्टी तीच राहिली. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत पाण्याविषयी तपशीलवार तरतुदी होत्या, पण त्या सर्व पाण्याला शत्रू मानणाऱ्या होत्या. नदी, कालवा वा तळ्याच्या खाली आणि त्यापासून पंधरा मीटरच्या आडव्या अंतरात परवानगीशिवाय खोदकाम करू नये. पावसाळ्यापूर्वी पृष्ठभागावरील पाण्याच्या धोक्याची पाहणी करावी. पाणी भरलेल्या जुन्या खाणकामाच्या साठ मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये, असे हे नियम सांगत. सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा निरीक्षकांकडे पाठवण्याची सक्तीही याच कारणासाठी होती. शेजारी नवी खाण खोदणाऱ्याला जुने पाणी कोठे दडले आहे हे कळावे, हा तिचा हेतू.

ही भीती अनाठायी नव्हती. २७ डिसेंबर १९७५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील चासनाला येथे जुन्या खाणकामात साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. बंद खाणीतील पाणी विसरले गेले, तर ते किती काळानंतर आणि कोणावर कोसळेल याचा नेम नसतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. मात्र या नियमांच्या नजरेत बंद खाणीचे पाणी येत असे ते चालू खाणीच्या संदर्भातच. शेजारी चालू खाण नसेल, तर त्या पाण्याकडे पाहणारे कोणी राहत नसे.

पाणी म्हणजे सांडपाणी : १९६९ ते २०००

दुसरी दृष्टी प्रदूषणविषयक कायद्यांबरोबर आली. या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ चा असून त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. दरम्यान १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७५ मध्ये कोल इंडियाच्या अंतर्गत नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही संस्था विदर्भातील खाणी चालवू लागली होती.

१९७४ च्या अधिनियमाचा कणा म्हणजे ‘संमती’. कलम २५ नुसार मंडळाच्या संमतीवाचून प्रवाहात, विहिरीत वा जमिनीवर सांडपाणी सोडता येत नाही. येथे व्याख्येतील शब्दयोजना लक्षात घेण्याजोगी आहे. १९८८ च्या दुरुस्तीनंतर औद्योगिक सांडपाणी म्हणजे, जेथे एखादा उद्योग, क्रिया वा प्रक्रिया चालवली जाते अशा आवारातून बाहेर पडणारा पदार्थ. चालू खाणीतून पंपाने उपसलेले पाणी या व्याख्येत सहज बसते. खाणीच्या आवारातील ढिगाऱ्यांवरून वाहणारे पावसाचे पाणीही तिच्यात बसवता येते. परंतु खाण बंद झाली, पंप थांबले, संमतीपत्राची मुदत संपली, की ‘चालवली जाते’ हा शब्दप्रयोगच अडचणीचा ठरतो. पाऊस तर पूर्वीइतकाच पडतो आणि ढिगाराही जागेवर असतो. कलम २४ चा सर्वसाधारण मनाई-नियम शिल्लक राहतो हे खरे. मात्र त्यासाठी कोणीतरी जाणूनबुजून प्रदूषण केले वा होऊ दिले असे दाखवावे लागते. मालक निघून गेलेल्या खाणीच्या बाबतीत हे दाखवणे सोपे नाही.

२५ सप्टेंबर २००० च्या अधिसूचनेने पर्यावरण (संरक्षण) नियमांत कोळसा खाणींसाठी स्वतंत्र मानके आली. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान आणि तरंगते घन कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, असे ती सांगतात. विदर्भाच्या दृष्टीने यांतील दुसरे मानक अधिक महत्त्वाचे आहे. गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः कमी असते. त्यामुळे ईशान्य भारतातील खाणींप्रमाणे आम्लयुक्त पाणी ही येथील मुख्य तक्रार नाही. येथील मुख्य प्रश्न गाळाचा आहे, आणि गाळ हा पावसाबरोबर येतो.

ढिगारा, चर आणि तळे

हे कसे घडते, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. खुल्या खाणीत कोळशावरील माती व खडक प्रथम काढावा लागतो. पहिल्या कापाच्या वेळी खाणीत तो टाकायला जागा नसते, म्हणून तो बाहेर रचला जातो. पुढील कापांचा भराव आधीच्या रिकाम्या जागेत टाकता येतो. शेवटचा काप मात्र भरण्यासाठी जवळ काही उरत नाही. म्हणून प्रत्येक खुल्या खाणीच्या अखेरीस दोन गोष्टी शिल्लक राहतात : बाहेर एक टेकडी आणि आत एक खड्डा. टेकडी पावसात धुपते व खड्डा पावसाने भरतो.

धूप आवरण्यासाठी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी भिंत, सभोवती चर आणि चरांच्या शेवटी गाळ निवळण्याचे तळे, अशी रचना पर्यावरण मंजुरीच्या अटींत असते. पाणी तळ्यात थांबते, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी ओढ्याकडे जाते. या व्यवस्थेचे यश एका साध्या कामावर अवलंबून असते. दर वर्षी जूनपूर्वी चर व तळे उपसले गेले पाहिजे. गाळाने भरलेल्या तळ्यात पाणी थांबत नाही. ते गढूळच पुढे जाते. खाण चालू असेपर्यंत यंत्रे आणि माणसे हाताशी असतात. ती गेल्यावर एक-दोन पावसाळ्यांत तळे भरून निकामी होऊ शकते. ढिगाऱ्यावर झाडझाडोरा धरून माती स्थिर होण्यास मात्र त्याहून अधिक वर्षे लागतात. या दोन कालावधींमधील अंतर हेच बंद खाणीच्या पाण्याचे खरे दुखणे आहे. चंद्रपूर शहरालगत इरई व झरपट नद्यांच्या परिसरात खाणी आणि वस्ती एकमेकींना खेटून असल्याने तेथे हे दुखणे नदीपात्रापर्यंत पोहोचते.

भूमिगत खाणीची गोष्ट वेगळी. तेथे वर काही दिसत नाही. उपसा थांबला की पोकळ्यांत भूजल हळूहळू पूर्वपातळीकडे चढू लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुने भूमिगत खाणकाम होते. खाण कागदावर बंद झाली म्हणजे भूमीच्या लेखी ती संपली असे होत नाही, याचा हा दाखला.

अमेरिकेतील तुलना

अमेरिकेत हा प्रश्न अधिक थेटपणे कायद्यात आला. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बफेलो क्रीक येथे कोळसा धुण्यातील टाकाऊ गाळाचा बांध पावसानंतर फुटून १२५ लोक मरण पावले. त्याच वर्षी प्रवाहात सांडपाणी सोडण्यासाठी परवान्याची पद्धत सुरू झाली आणि १९८७ च्या दुरुस्तीने उद्योगांच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठीही परवान्याची स्वतंत्र चौकट निर्माण झाली. कोळसा खाणींपुरता सर्वांत महत्त्वाचा कायदा ३ ऑगस्ट १९७७ चा. त्याखालील नियमांनुसार गाळ निवळण्याचे तळे, जमीन स्थिर होऊन तिच्यावर वनस्पती धरेपर्यंत आणि शेवटच्या पेरणीनंतर निदान दोन वर्षे होईपर्यंत काढता येत नाही. पुनर्लागवडीची जबाबदारी खाणचालकावर पाच वर्षे, आणि कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे राहते. त्याने ठेवलेली अनामत टप्प्याटप्प्याने परत मिळते. एखादे तळे कायम ठेवायचे असेल, तर त्याचे काठ स्थिर हवेत, पाणी नियोजित उपयोगास योग्य हवे आणि तेथे सुरक्षितपणे पोहोचता आले पाहिजे.

ही पद्धत निर्दोष नाही. कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि अनामत अपुरी पडली, अशी उदाहरणे तेथे आहेत. तथापि तिच्यामागील एक तत्त्व आपल्याला उपयोगी आहे. जबाबदारीचा शेवट खाणपट्ट्याच्या तारखेने ठरत नाही. जमिनीची स्थिती पाहून ठरतो.

समापन योजना : २००९ नंतर

भारतात कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी खाण समापनासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ७ जानेवारी २०१३ रोजी त्या सुधारल्या. त्यांनुसार प्रत्येक खाणीला समापन योजना आवश्यक ठरली. खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये, असा २००९ च्या किमतींवर आधारलेला दर ठरला. ही रक्कम खाणीच्या उर्वरित आयुष्यात वाटून दर वर्षी बँकेतील एस्क्रो खात्यात भरायची असते आणि झालेले काम तपासून ती परत मिळते. १९०१ पासूनच्या इतिहासात प्रथमच बंद खाणीसाठी आधी पैसे बाजूला काढले जाऊ लागले, ही या सूचनांची मोठी देणगी होय. त्यापूर्वी बंद पडलेल्या खाणींचा प्रश्न शिल्लक होता. त्यांच्यासाठी मंत्रालयाने २०२२ मध्ये वेगळ्या सूचना काढल्या.

तळ्याच्या मालकीचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. कोळशासाठीची बरीचशी जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखाली संपादित झालेली आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा, कोळसा काढून झालेल्या जमिनीच्या वापराचे धोरण मंजूर केले. पण तीत मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. म्हणजे खड्ड्यातील पाणी गावाच्या शिवारात असले, तरी ते गावाचे नसते. बंद खाणीच्या पाण्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न विदर्भात झाले आहेत. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीतील पाणी शुद्ध करून पिण्यासाठी बाटलीबंद केले गेले. असे प्रयोग स्वागतार्ह आहेत. तरीही ते कंपनीच्या इच्छेवर व ताळेबंदावर अवलंबून आहेत. ग्रामस्थांच्या हक्कातून ते आलेले नाहीत.

शहापूर आणि मुरबाड

आता सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळू. येथे दगड काढण्याची मोठी निकड रेल्वेबरोबर आली. १८६५ मध्ये कसाऱ्यावरून थळ घाटातील मार्ग सुरू झाला. त्यानंतर धरणे, महामार्ग आणि मुंबई-ठाण्याकडील बांधकामे यांनी खडी, डबर व मुरुमाची मागणी चालू ठेवली. बेसाल्टच्या खाणीत आम्लाचा प्रश्न नाही. क्रशरची भुकटी आणि सुटी माती पहिल्या पावसाबरोबर ओहोळात व खालच्या भातखाचरांत उतरते, हा येथील गाळाचा प्रश्न. अखंड पाषाणात कोरलेला खड्डा पाणी धरून ठेवतो; भेगाळ थरातला लवकर आटतो. काठ सरळ तुटलेले असल्याने पाण्यात पडलेल्या माणसाला वा गुराला बाहेर येण्यास वाट नसते.

कायद्याच्या दृष्टीने दगड हे गौण खनिज असून १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाने त्याचे नियमन राज्यावर सोपवले आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. पुढील वर्षी महाराष्ट्राचे गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ आले. मात्र हेक्टरी रकमेचे एस्क्रो खाते ही कोळशासाठी केलेली व्यवस्था आहे. दगडाच्या लहान खाणीला ती लागू नाही.

परंतु एका बाबतीत शहापूर-मुरबाडची स्थिती चंद्रपूरच्या खाणगावांहून बळकट आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची वा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे. त्याच कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे. महाराष्ट्राचे त्यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये झाले. म्हणजे खाण उघडताना ज्या गावाचे मत विचारले जाते, त्याच गावच्या संस्थांकडे पुढे होणाऱ्या तळ्याचा कारभार येऊ शकतो. या दोन अधिकारांच्या मध्ये खाणीचे संपूर्ण आयुष्य आहे, आणि त्यांना जोडणारा दुवा कायद्यात स्पष्टपणे घातलेला नाही.

हा दुवा शिफारशीच्या ठरावातच घालता येईल, असे येथे सुचवावेसे वाटते. कोणता खड्डा तळे म्हणून राहील व कोणता भरला जाईल, ओसंडणारे पाणी कोणत्या ओहोळाकडे जाईल, कोणत्या बाजूचा काठ उतरता करून गुरांना वाट ठेवली जाईल आणि गाळतळे किती पावसाळे उपसले जाईल, हे ठरावात लिहिले जावे. अनामत परत देण्याचा निर्णय खाणपट्ट्याच्या अखेरच्या तारखेवर न ठेवता, बंद झाल्यानंतरच्या दोन पावसाळ्यांतील पाहणीवर ठेवावा. तयार झालेल्या तळ्याची महसुली नोंद व्हावी, म्हणजे पुढे ती जागा पुन्हा पड वा उत्खननयोग्य समजली जाणार नाही. यामुळे लहान खाणपट्टाधारकांवर भार पडेल, असा आक्षेप येऊ शकतो. तो गैर नाही. परंतु आज तो भार ओहोळाखालच्या शेतकऱ्यावर पडतो आणि त्याचे मत कोणी विचारलेले नसते.

निष्कर्ष

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात खाणीच्या पाण्याकडे कायद्याने तीन प्रकारे पाहिले. प्रथम ते कामगाराच्या जिवावरचे संकट होते, नंतर उद्योगाचे सांडपाणी झाले आणि शेवटी समापनाच्या खर्चातील एक बाब ठरले. प्रत्येक टप्प्याने काही कमावले. तथापि तिन्ही टप्प्यांत कायद्याचा व्यवहार प्रामुख्याने खाणचालकाशी राहिला. खाणीनंतर त्या पाण्याशेजारी राहणारी माणसे या व्यवहारात पक्षकार म्हणून क्वचितच आली. विदर्भातील मोठ्या कोळसा खाणींत ही उणीव भरून काढणे मालकीच्या स्वरूपामुळे अवघड आहे. शहापूर व मुरबाडच्या अनुसूचित गावांत ती भरून काढण्याचे साधन ग्रामसभेच्या रूपाने उपलब्ध आहे. कोळशाच्या प्रदेशाने जे उशिरा शिकले, ते दगडाच्या प्रदेशाला खाणपट्टा देतानाच अमलात आणता येईल.